खाटेशेजारचा माणूस
(रुग्णालयात स्वयंसेवा करू इच्छिणाऱ्या लखनौकर मराठी मंडळींसाठी काढलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

लखनौशी आपलं नातं काय, असं मराठी माणसाला विचारलं तर तो भातखंड्यांचं नाव घेतो. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने इथे संगीताचं कॉलेज निघालं, श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं आणि आज ते विद्यापीठ होऊन भातखंड्यांच्याच नावाने उभं आहे. हे नातं मोठं आहेच. पण याच शहरात गोमतीनगरला उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीचं एक प्रेक्षागृह आहे आणि त्याला संत गाडगे महाराजांचं नाव आहे. शेंडगावात परिटाच्या घरी जन्मलेल्या बाबांविषयी उत्तरेतल्या धोबी समाजात फार आदर आहे. पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेला माणूस नाटकाला जातो, दारावरचं नाव वाचतो आणि थबकतो. पुस्तिकेच्या सुरुवातीला मला याच नावाचं स्मरण करायचं आहे. त्याला कारण मात्र बाबांनी बांधलेल्या धर्मशाळा.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. उत्तरायुष्यात त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली, याची आठवण तितकी काढली जात नाही. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरणाऱ्या, आधी हातात झाडू घेऊन गाव झाडणाऱ्या या माणसाने मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर काय पाहिलं असेल? फुटपाथवर पथारी टाकलेली माणसं, विटांच्या चुली, वाळत घातलेली लुगडी. यात्रेत दिसतं तेच. यात्रेकरूला जे लागतं तेच यांनाही लागतं: टेकायला जागा, भाकरी भाजायला चूल आणि हाकलून न देणारा माणूस. बाबांनी या धर्मशाळांत स्वतःच्या कुटुंबाला कधी राहू दिलं नाही. ज्याच्यासाठी बांधलं त्यालाच जागा, हा त्यांचा हट्ट होता.

सरकारी रुग्णालयात एक माणूस खाटेवर असतो आणि दुसरा खाटेशेजारी. पहिल्याची नोंद असते, त्याला केसपेपर असतो, नंबर असतो, त्याच्या नावापुढे डॉक्टरांची सही असते. दुसऱ्याची नोंद कुठेच नसते. लखनौत त्याला तीमारदार म्हणतात. वॉर्ड चालतो तो बऱ्याच अंशी या तीमारदाराच्या पायांवर. स्ट्रेचर ढकलणं, रक्ताची नळी प्रयोगशाळेत पोहोचवणं, रिपोर्ट आणणं, औषध आणणं, सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारणं, रात्री रोग्याची कूस बदलणं हे सगळं तो करतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पगाराचा तर प्रश्नच नाही. रुग्णालयात सेवा करायला निघालेल्या माणसाने आधी या दुसऱ्या माणसाकडे पाहावं, हेच मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे. खाटेवरच्यासाठी शिकलेली माणसं आहेत. ती अपुरी आहेत, थकलेली आहेत, पण आहेत. शेजारच्यासाठी बहुतेक वेळा कुणीच नसतं.

लखनौत हे फार ठळकपणे दिसतं. चौकाजवळच्या किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटीला जुने लखनवी अजून नुसतं ‘मेडिकल कॉलेज’ म्हणतात. २६ डिसेंबर १९०५ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिची कोनशिला बसली. पैसा उभा राहिला तो अवधच्या तालुकेदारांच्या देणग्यांतून. १९११ मध्ये वर्ग सुरू झाले आणि १९१४ मध्ये रुग्णालय. घुमट, छत्र्या, लांबलचक ओवऱ्या असलेली ती इमारत अजून दिमाखात उभी आहे. आज या संस्थेत चार हजारांहून जास्त खाटा आहेत, आणि त्यांवरची सगळीच माणसं लखनौची नाहीत. हरदोई, सीतापूर, लखीमपूर खेरी, बहराइच, गोंडा, बाराबंकी, उन्नाव, रायबरेली, अगदी नेपाळच्या सीमेलगतच्या खेड्यांतूनही रोगी इथे येतात. कैसरबागेच्या बाजूला बलरामपूर रुग्णालय आहे, गोमतीनगरला लोहिया संस्था, रायबरेली रोडवर १९८३ साली स्थापन झालेली संजय गांधी संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘पीजीआय’, आणि निरालानगरला रामकृष्ण मिशनचं विवेकानंद पॉलिक्लिनिक. एवढी रुग्णालयं असूनही गर्दी सरत नाही, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी ज्याचं निदान झालं नाही त्याला शेवटी ‘लखनौला न्या’ असंच सांगितलं जातं.

आता बहराइचकडच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. नवरा वॉर्डात आहे. मुलं दिराकडे ठेवून ती आली आहे. तिला वाचता येत नाही. सकाळी डॉक्टर राउंडला येतात, पर्च्यावर काही लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. सिस्टर तिच्या हातात रक्ताच्या दोन नळ्या आणि एक कागद देते. एक नळी एका इमारतीत द्यायची, दुसरी दुसऱ्या. ती कागद पुढे धरून वाटेत भेटेल त्याला विचारत निघते. पहिल्या खिडकीवर कळतं की आधी पैसे भरून पावती आणायची आहे. पैसे भरायची रांग वेगळी. पावती घेऊन परत येईपर्यंत खिडकीवर जेवणाची सुट्टी झालेली असते. औषधांतली काही वॉर्डात मिळतात, काही रुग्णालयाच्याच सवलतीच्या काउंटरवर, आणि एखादं बाहेरच्या दुकानातूनच आणावं लागतं. कोणतं कुठे मिळेल, हे तिला सांगणारं कुणी नाही. आयुष्मान कार्ड आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यावर मिळतो हे तिने ऐकलं आहे, पण कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. संध्याकाळी ती अर्धा तास काही खायला बाहेर जाते. नेमके त्याच अर्ध्या तासात मोठे डॉक्टर येतात. ‘किसका मरीज है?’ खाटेशेजारी कुणी नाही. दुसऱ्या दिवसापासून ती जेवायला जाणंच बंद करते. रात्री ओवरीत प्लास्टिकचा कागद अंथरून पडते, उशाखाली फाइल घेऊन, कारण फाइल हरवली तर सगळं पहिल्यापासून.

यातल्या कुठल्या अडचणीला डॉक्टर लागतो? अक्षर वाचता येणारा, इमारती माहीत असलेला, रांगेत तिच्याऐवजी उभा राहू शकणारा आणि अर्धा तास खाटेपाशी बसणारा माणूस लागतो. ती अंघोळ करून, दोन घास खाऊन परत आली की त्या रोग्याची देखभालही सुधारते. माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

लखनौला अशा कामाची परंपरा नाही, असं कुणी म्हणू नये. ज्येष्ठातल्या दर मंगळवारी, बड्या मंगळाला, अलीगंजच्या हनुमानाच्या नावाने सबंध शहर रस्त्यावर उतरतं. कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव, पुरी-भाजी, बुंदी, सरबत. येणाऱ्याचा जात-धर्म कुणी विचारत नाही. या प्रथेचं मूळ अवधच्या नवाबांच्या घराण्यातल्या एका बेगमेशी जोडलं जातं. मोहरमात जागोजागी सबील लागते आणि तहानलेल्याला पाणी-सरबत मिळतं. १७८४ च्या दुष्काळात आसफउद्दौलाने बडा इमामबाडा बांधायला काढला, तो लोकांना काम आणि भाकरी मिळावी म्हणून, हे इथला रिक्षावालाही सांगतो. देणं या शहराच्या अंगात आहे. उणीव आहे ती नेमाची, ज्येष्ठ संपल्यावरच्या मंगळवारांची.

ती उणीव ज्यांनी ओळखली त्यांत विशाल सिंह यांचं नाव इथे सर्वांना ठाऊक आहे. वडिलांच्या आजारपणात दिल्लीजवळच्या एका रुग्णालयात स्वतः तीमारदार म्हणून त्यांनी उपासमार सोसली. पुढे लखनौला येऊन त्यांनी विजयश्री फाउंडेशनतर्फे ‘प्रसादम्’ सेवा सुरू केली. मेडिकल कॉलेज, बलरामपूर आणि लोहिया इथल्या गरजू तीमारदारांना बसवून, ताटात वाढून, पोटभर जेवण दिलं जातं. बसवून हा शब्द मी मुद्दाम लिहिला. रांगेत उभं करून द्रोणात ओतलेलं अन्न आणि पाहुण्यासारखं बसवून वाढलेलं अन्न यांत पोटाला फरक पडत नसेल, पण तीन दिवस ज्याला सगळ्यांनी ‘हटो, हटो’ म्हटलं आहे त्याला तो फार जाणवतो.

दुसरं नाव वर्षा वर्मा यांचं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत लखनौची जी दैना झाली, ती इथे असलेला कुणीही विसरणार नाही. ऑक्सिजन नाही, खाट नाही, आणि माणूस गेल्यावर स्मशानात न्यायला गाडीही नाही. मैत्रिणीच्या मृत्यूनंतर शववाहिनी मिळेना, हा अनुभव घेतलेल्या वर्षाताईंनी एक व्हॅन मिळवली आणि लोहिया रुग्णालयाबाहेर विनामूल्य शववाहिनीची पाटी घेऊन त्या उभ्या राहिल्या. पीपीई घालून, त्या उन्हात, परक्यांची प्रेतं त्यांनी स्मशानात पोहोचवली. रुग्णालयातली सेवा रोगी दगावला म्हणजे संपते, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे काम आठवावं.

महाराष्ट्रातलं थोडं सांगतो, कारण या पुस्तिकेच्या बऱ्याच वाचकांचं मन तिकडे असतं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन दत्तक पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यात ससून रुग्णालयात बायकांना परिचर्येचं शिक्षण मिळवून दिलं; पांढरपेशा घरातल्या बाईने परक्या रोग्याला हात लावणं तेव्हा समाजाला पटत नव्हतं. परळला केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या जवळ १९६८ पासून नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रोग्यांची आणि त्यांच्या माणसांची राहण्याची सोय करते आहे. विदर्भातल्या, खानदेशातल्या कितीतरी घरांना टाटाच्या आठवणीबरोबर तिथल्या खोलीचीही आठवण असते. हे काम पगारी माणसाचंही आहे, हे आपल्या देशाने उशिरा ओळखलं. लंडनमध्ये रॉयल फ्री रुग्णालयाने १८९५ साली रोग्यांच्या घरची स्थिती पाहणारी पहिली बाई नेमली. भारतात पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला तो १९४६ मध्ये, जे. जे. रुग्णालयातच. आजही मोठ्या रुग्णालयांत समाजसेवकांची संख्या गर्दीच्या मानाने तोकडी आहे. स्वयंसेवकाने त्यांची जागा घेऊ नये. त्यांना विचारावं, त्यांच्या हाताखाली काम करावं. सरकारने ती पदं भरावीत ही मागणी सोडू नये, कारण आपल्या फुकटच्या कामाने कुणाची नेमणूक टळली तर ते रोग्याचंच नुकसान आहे.

आता मनातली एक तक्रार. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला किंवा मंडळाच्या वर्धापनदिनी रुग्णालयात फळवाटप करायची रीत आपल्याकडेही आहे आणि इथेही. मला ती बंद झालेली पाहायची आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्याला केळं देणं धोक्याचं असतं, कारण त्यातलं पोटॅशियम त्याच्या शरीरातून बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया असलेल्याला उपाशी ठेवलेलं असतं. कुणी मायेने दिलेल्या दोन बिस्किटांनी ती पुढे ढकलली जाते, आणि बहराइचहून आलेल्या कुटुंबाचा मुक्काम वाढतो. मधुमेही आहेत, डायलिसिसवरचे आहेत ज्यांना पाणीही मोजून द्यायचं असतं. शिवाय फोटो. खाटेवर पडलेल्या, अंगावर धड कपडा नसलेल्या माणसाचा फोटो काढायची परवानगी कुणी दिली? आपल्या आईचा असा फोटो कुणी काढलेला आपल्याला चालेल का? या पुस्तिकेत एक नियम ठळक अक्षरांत छापला आहे: वॉर्डात मोबाइल खिशातच राहील.

इतर मर्यादा पुढच्या पानांवर सविस्तर आहेत. त्यांतल्या दोन-तीन मला इथेही सांगाव्याशा वाटतात. औषधाविषयी सल्ला द्यायचा नाही, आपल्याला कितीही ठाऊक असलं तरी. ‘इथे काही होणार नाही, अमुक नर्सिंग होममध्ये न्या’ असं तर चुकूनही बोलायचं नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात गरिबांना फूस लावून खासगीत नेणारे दलाल फिरत असतात. तीमारदार आधीच धास्तावलेला असतो. आपल्या तोंडून तसलं वाक्य गेलं की तो आपल्यालाही त्यांच्यातलाच समजणार, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ओळखपत्र गळ्यात हवं, आणि कुणाकडून चहाचे पैसेसुद्धा घ्यायचे नाहीत. हात धुणं हा तिसरा नियम. व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले, तरी आजही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू नेण्यात हातांचाच मोठा वाटा आहे. स्वयंसेवक तर दिवसात दहा खाटांपाशी जातो. हिपॅटायटिस बीची लस घेतल्याशिवाय आणि क्षयाच्या वॉर्डात योग्य मास्क लावल्याशिवाय जाऊ नये.

रक्ताविषयीही सांगायला हवं. पैसे घेऊन रक्त विकण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. तरी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ‘डोनर लाओ’ ऐकून गावाकडचा माणूस हबकतो. भावाला, पुतण्याला फोन करतो. कुणाला भीती वाटते, कुणाला गाडी मिळत नाही. अठरा ते पासष्ट वयाचा, पंचेचाळीस किलोहून जास्त वजनाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो, पुरुष तीन महिन्यांनी आणि स्त्री चार महिन्यांनी पुन्हा देऊ शकते. लखनौतल्या प्रत्येक मराठी घरातून एका माणसाने वर्षातून दोनदा रक्त दिलं तर किती जणांची ती रात्र सुखाची जाईल! गणेशोत्सवात आपण शिबिर घेतो, ते चांगलंच आहे. पण मे-जूनच्या उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, रक्तपेढीत तुटवडा पडतो, तेव्हा आठवणीने जायला हवं.

बोलण्याविषयीही थोडं सांगायला हवं. आपण मराठी माणसं हिंदी बोलताना ‘तुम’ फार सहज वापरतो. इथे लहान मुलालाही ‘आप’ म्हणतात. खेड्यातून आलेली म्हातारी अवधी बोलते, तिचं सगळंच कळेल असं नाही. पण ‘अम्मा, आप बैठिए, पर्चा हमें दीजिए’ एवढं म्हटलं की तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. वॉर्डबॉयला आणि सफाई करणाऱ्या ताईंनाही तसंच बोलावं. त्यांना नावाने ओळखणारा स्वयंसेवक अर्ध्या अडचणी त्यांच्याकडूनच सोडवून घेतो.

शेवटी वेळेविषयी. केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमन आणि परिहार सेवेची संस्था निघाली. पुढे तिथूनच शेजाऱ्यापाजाऱ्यांचं असं जाळं विणलं गेलं की जगभरातले लोक ते पाहायला येतात. तिथे स्वयंसेवकाकडे मागणं छोटं होतं: आठवड्याला निदान दोन तास आणि त्याआधी रीतसर प्रशिक्षण. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी, रिक्षावाले, सगळे आले आणि टिकले, कारण दोन तास खरोखर देता येतात. आम्हीही तेवढंच मागतो आहोत. उत्साहाच्या भरात रोज जाणारे महिन्याभरात थकतात. विशेषतः ज्याच्या खाटेपाशी आपण चार दिवस बसलो तो माणूस गेला की पाय वॉर्डाकडे वळत नाहीत. तेव्हा एकट्याने घरी बसू नये. महिन्यातून एकदा एकत्र बसून बोलायची सोय करा आणि ती चुकवू नका. गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला मृत्यूचा दाखला कुठे मिळतो, शववाहिनी कोणत्या नंबरवर येते, हे सांगणारा माणूसही आपल्यालाच व्हायचं असतं.

सुरुवात कशी करायची, तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज घेऊन जायचं. नमुना शेवटच्या पानावर आहे. परवानगी मिळेपर्यंत काही आठवडे जातात. तोवर आवार पायी फिरून घ्या: पैसे भरायच्या खिडक्या, प्रयोगशाळा, रक्तपेढी, स्वस्त औषधांचं दुकान, रैन बसेरा, पिण्याच्या पाण्याचे नळ, बायकांचं स्वच्छतागृह. पुस्तिकेत नकाशे दिले आहेत, पण खिडक्या बदलतात. पहिल्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा. ओपीडीच्या नोंदणीची रांग तेव्हाच सर्वांत लांब असते आणि रांगेतल्या निम्म्यांना आपल्याला कोणत्या विभागात जायचं आहे ते माहीत नसतं.